घरगुती वीजजोडणीचा भार आणि खर्च

नव्या घरात एका वेळी जास्तीत जास्त किती वीज वापरली जाईल याचा हिशेब मांडून तेवढा भार महावितरणकडून मंजूर करून घेणे म्हणजे भारनिश्चिती. सातारा जिल्हा महावितरणच्या बारामती परिमंडलात आणि सांगली जिल्हा कोल्हापूर परिमंडलात येत असला, तरी भार ठरवण्याची रीत व दर दोन्हीकडे सारखेच आहेत. नकाशा पक्का होतानाच हे काम उरकावे, कारण गिलाव्यानंतर जाड केबलसाठी भिंत फोडण्याचा खर्च मूळ केबलच्या किमतीलाही मागे टाकतो.

घरातील सर्व उपकरणांच्या किलोवॅटची बेरीज म्हणजे जोडभार. तीन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेल्या घरात दिवे-पंखे १, दोन गिझर ४, दीड टनाचे दोन एसी सव्वातीन, इंडक्शन शेगडी २, इस्त्री १, दीड अश्वशक्तीची बोअरची मोटर १.१ आणि फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन मिळून दीड, असे धरले तर जोडभार १४ किलोवॅटच्या जवळ जातो. मात्र हे सगळे एकाच वेळी कधीच चालत नाही. जानेवारीत सकाळी गिझर चालतात तेव्हा एसी बंद असतो आणि एप्रिलच्या दुपारी नेमके याच्या उलट घडते, त्यामुळे प्रत्यक्ष मागणी साधारण ८ किलोवॅटवर थांबते. भार ठरवताना बेरीज नव्हे, ही मागणी पाहावी. विजेवर चालणारी मोटार घ्यायचा विचार असेल, तर तिच्या चार्जरचे ३.३ किंवा ७.४ किलोवॅट त्यात आजच मिळवावेत.

आठ किलोवॅट भार सिंगल फेजवर, म्हणजे २३० व्होल्टच्या एकाच फेज तारेवर, घेतला तर खांबापासून मीटरपर्यंतच्या सर्व्हिस वायरमधून सुमारे ३५ अँपिअर वाहतात. तोच भार थ्री फेजवर, म्हणजे तीन फेज तारांवर, नीट वाटला तर प्रत्येक फेजवर १२ अँपिअरही पुरतात. सिंगल फेजची मर्यादा साधारण ४० अँपिअर असल्याने असे घर काठावर येते. थ्री फेजचा मासिक स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा बराच जास्त असतो आणि तो वापर कमी झाला तरी भरावाच लागतो. म्हणून दोन गिझर व एका एसीवर भागणाऱ्या घराने केवळ प्रतिष्ठेपोटी थ्री फेज घेऊ नये. ज्यांनी ती घेतली आहे त्यांनी न्यूट्रलच्या, म्हणजे तिन्ही फेजच्या सामाईक परतीच्या तारेच्या, जोडाकडे दुर्लक्ष करू नये, कारण न्यूट्रल सुटला की कमी भाराच्या फेजवरील दिव्यांना व टीव्हीला ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळून ते जळतात.

मीटर फाटकाजवळ आणि घर ४० मीटर आत असेल, तर ३५ अँपिअरला सहा एमएमच्या (म्हणजे सहा चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या केबलमध्ये ८ ते ९ व्होल्ट गळतात, दहा एमएममध्ये ५ व्होल्ट. घरातील दिव्यांना दीड, सॉकेटला अडीच आणि गिझर-एसीला चार एमएमची वायर ही वायरमन मंडळींची रूढ मापे योग्यच आहेत.

खर्चाचा मोठा वाटा किलोवॅटवर नव्हे, तर खांबापासूनच्या अंतरावर ठरतो. गावठाणात किंवा सांगलीच्या विश्रामबागेसारख्या वस्तीत खांब दारातच असतो. तेथे नव्या जोडणीचा ए-वन अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंग तपासणीचा टेस्ट रिपोर्ट, जोडणी शुल्क आणि सुमारे दोन महिन्यांच्या बिलाएवढी सुरक्षा ठेव एवढ्यावर कोटेशन आटोपते. शेतात बांधलेल्या घरासाठी मात्र नवे खांब, तारा, क्वचित नवी डीपी (ट्रान्सफॉर्मर) लागते आणि वीज कायदा २००३ च्या कलम ४६ नुसार हा वाजवी खर्च ग्राहकाकडून घेता येतो. ग्राहकाने परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून घेतल्यास महावितरणला अंदाजपत्रकाच्या १.३ टक्के देखरेख शुल्क द्यावे लागते. जागा घेतानाच लाइन कोणत्या फीडरची, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या कोणत्या वाहिनीची, आहे हे विचारावे, कारण शेती फीडरवर थ्री फेज वीज दिवसातून ठरावीक तासच मिळते. खांब जवळ असूनही अशा घरातील थ्री फेज मोटर अर्धा दिवस बंद राहते.

अर्थिंगचा, म्हणजे गळती वीज जमिनीत सोडणाऱ्या जोडणीचा, खर्च जमिनीवर अवलंबून असतो. कृष्णाकाठची काळी माती ओल धरते म्हणून तेथे रोध कमी येतो, तरी उन्हाळ्यात ती भेगाळली की खड्ड्यात पाणी घालावे लागते. साताऱ्याच्या पश्चिमेकडील मुरूम व कातळ पाणी धरत नाहीत, तेथे खड्डा अधिक खोल किंवा दोन ठिकाणी घ्यावा लागतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) दोन्हीकडे आवश्यकच समजावी, मग बजेट कितीही तंग असो.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पूररेषेतील घरात मीटर, मुख्य स्विच व डीबी (वीज वाटपाची पेटी) पहिल्या मजल्यावर घ्यावेत, तळमजल्याचे सर्किट वेगळ्या एमसीबीवर (जादा प्रवाह होताच आपोआप पडणाऱ्या स्विचवर) ठेवावे आणि मीटरची जागा ठरवण्यापूर्वी शेजारच्या भिंतीवरील २०१९ ची पाण्याची खूण फुटपट्टीने मोजावी.