स्मिथ-कार्लोस यांची पदकं काढून घेतली नव्हती

अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी वर्णभेदाच्या निषेधार्थ पदक घेताना काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली, म्हणून त्यांची ऑलिंपिक पदकं काढून घेतली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही.

१६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको सिटी. स्मिथनं २०० मीटरची शर्यत १९.८३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकली. कार्लोस तिसरा आला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गरिबी दिसावी म्हणून दोघं बूट न घालता, फक्त काळे मोजे घालून विजयमंचावर चढले. राष्ट्रगीत सुरू झालं, माना खाली, मुठी वर. हातमोज्यांची जोडी एकच होती. म्हणून स्मिथचा उजवा हात, कार्लोसचा डावा. दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा गोरा धावपटू पीटर नॉर्मन याच्याही छातीवर वर्णभेदाविरुद्धच्या त्यांच्याच चळवळीचा बिल्ला होता. त्याला लोक विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या दबावामुळे अमेरिकेच्या समितीनं दोघांना संघातून निलंबित करून क्रीडाग्रामातून बाहेर काढलं. पदकं मात्र त्यांच्याकडेच राहिली. खरी किंमत मायदेशी मोजावी लागली: जिवे मारण्याच्या धमक्या, कामासाठी वणवण. तरीही त्यांनी कधी माफी मागितली नाही. २००६ मध्ये नॉर्मन गेला, तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला दोघं ऑस्ट्रेलियाला गेले.