नाताळची हातची सजावट आणि भेटवस्तू (खानदेश)

नाताळात घर, अंगण आणि चर्च सजवण्यासाठी, तसेच मित्रमैत्रिणींना व शेजाऱ्यांना देण्यासाठी घरच्या घरी वस्तू बनवण्याची रीत. ही नोंद जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशापुरती आहे. 'नाताळ' हा शब्द मराठीत पोर्तुगीजमधून आला. त्याचे मूळ जन्म या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. सण 25 डिसेंबरचा असला तरी हातकामाला महिनाभर आधी, नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात, सुरुवात होते.

खानदेशातली ख्रिस्ती वस्ती विरळ आहे, पण जुनी आहे. 1860च्या दशकात रेल्वे आली आणि भुसावळ मोठे जंक्शन झाले. रेल्वेच्या नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तिथल्या वसाहतीत नाताळ नेला. पश्चिमेकडे नंदुरबार-नवापूर पट्ट्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांचे काम होते, आणि तिथल्या मावची, भिल्ल या आदिवासी कुटुंबांत हा सण गावसण म्हणून रुजला. रेल्वे वसाहतीत केक आणि क्रेप कागदाच्या झुरमुळ्या, तर नवापूरकडे बांबू, गवत आणि माती, हा फरक हाताशी काय आहे यावरून पडतो.

हाताशी काय आहे, हीच या कलेची खरी किल्ली. डिसेंबरात खानदेशातल्या शिवारात कापसाची वेचणी उरकत आलेली असते, बांधावर कडबा रचलेला असतो, नंदुरबारच्या मिरची पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि रावेर-यावलकडे केळीचे सोपट (खोडाची वाळलेली साल) हवे तेवढे मिळते. बाजारातून प्लास्टिकचे सूचिपर्णी झाड आणून त्यावर फवाऱ्याचा खोटा बर्फ मारण्यापेक्षा वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड, कुंडीत उभी करणे कितीतरी अधिक शोभते. वेचणीनंतर फांदीवर उरलेले बोंडाचे टणक कवच चार-पाच पाकळ्यांच्या लाकडी फुलासारखे दिसते. त्यातल्या काही कवचांत सरकीसकट कापसाची एकेक फोड परत बसवली की पांढरेशुभ्र झाड तयार होते. हीच कवचे सोपटाच्या वेणीत ओवून दारावरचे गोल चक्र करता येते.

सगळ्यांत मेहनतीची आणि सगळ्यांत आवडीची वस्तू म्हणजे चांदणी. येशूच्या जन्मावेळी दिसलेल्या बेथलेहेमच्या ताऱ्याची ही खूण दारात टांगतात. युरोपात कागदी ताऱ्याची एक प्रसिद्ध परंपरा जर्मनीतल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या शाळेत भूमितीच्या अभ्यासातून अनेक टोकांचा तारा घडला. खानदेशातली चांदणी मात्र दिवाळीच्या आकाशकंदिलाची सख्खी बहीण. ज्याला कंदील बांधता येतो त्याला चांदणी शिकवावी लागत नाही.

तिचा सांगाडा असा. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या तासून घ्यायच्या; दीड-दोन फूट लांबी घरगुती दाराला पुरते. पाच-पाच कामट्यांचे दोन पाचकोनी तारे बांधायचे, ते एकावर एक ठेवून फक्त पाच टोकांशी दोऱ्याने आवळायचे. मग आतल्या बाजूला, जिथे कामट्या एकमेकींना छेदतात अशा पाच जागी, दोन्ही ताऱ्यांच्या मध्ये चार-चार बोटांच्या आधारकाड्या उभ्या अडकवायच्या. त्याने चांदणीला पोट येते आणि दिव्याला जागा होते. कागद लावताना नवखा माणूस गोंधळतो तो इथे: पुढचे पाच, मागचे पाच आणि कडेचे दहा असे वीस त्रिकोण, शिवाय पुढचा-मागचा मिळून दोन पंचकोन. असे बावीस तुकडे आधी कापून, आकाराप्रमाणे गठ्ठे करून ठेवले तर एका संध्याकाळी काम होते. मागचा पंचकोन वरच्या बाजूला मोकळा ठेवायचा, म्हणजे तिथून दिवा आत जातो आणि उष्णता बाहेर येते. एलईडी दिव्याला हरकत नाही. जुना तारेचा बल्ब कागदाला टेकला तर कागद करपतो, पेटूही शकतो.

चिकटवायला खळ हवी, तीही घरची. मैदा थंड पाण्यात कालवून, गुठळी राहू न देता, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवतात. बुकबाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात; पण तो विषारी आहे, आणि चांदणीला मुलांचे हात लागणारच, म्हणून घरच्या खळीत तो नको. कामट्यांसाठी शहरात बुरूड आळी गाठावी. नवापूर भागात बांबूकामासाठी ओळखले जाणारे कोटवाळिया कारागीर आहेत. त्यांच्या सुरीने निघालेली कामटी वाकते, पण मोडत नाही.

गव्हाणीचा देखावा हे दुसरे मोठे काम. येशूजन्माचा प्रसंग असा मांडून दाखवण्याचे श्रेय संत फ्रान्सिस यांना देतात. त्यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी जिवंत बैल-गाढवासह तो उभा केला. शेतकरी घरातल्या पोराला गव्हाण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही, हे खानदेशाचे मोठे भाग्य. गोठ्याला कडब्याच्या धाटांच्या भिंती, वर गवताचे छप्पर, आणि पोळ्याला घेतलेली मातीची बैलजोडी जपून ठेवली असेल तर तीच इथे उभी राहते. मूर्ती घरी करायच्या तर निव्वळ काळ्या मातीच्या करू नयेत. कापसाची ही माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे बाळाच्या चेहऱ्यावरच तडा जातो. तिच्यात तापी-गिरणेच्या काठचा गाळ, थोडी वाळू आणि भिजवून कुटलेला कागद मिसळावा, आणि मूर्ती सावलीत वाळवाव्यात. गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी नवरात्रातल्या घटाप्रमाणे परातीत माती घालून गहू पेरतात. डिसेंबरच्या थंडीत अंकुर सावकाश वाढतात, म्हणून पेरणी दहा-बारा दिवस आधी केलेली बरी.

स्थानिक सामग्रीतून भव्य सजावट उभी राहू शकते का, अशी शंका कुणाला असेल, तर खानदेशाच्याच इतिहासात तिचे उत्तर आहे. नाताळच्याच आठवड्यात, 27 आणि 28 डिसेंबर 1936 रोजी, जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून केली. त्या अधिवेशनाचा नाताळशी संबंध नव्हता, पण हंगाम तोच होता आणि सामानही तेच.

भेटवस्तूंचा व्यवहार खानदेशात ताटाने चालतो. दिवाळीला शेजारून फराळाचे ताट आलेले असते, आणि आलेले भांडे रिकामे परत करायचे नसते, हा इथला अलिखित नियम. नाताळचे ताट त्याची परतफेड करते: करंज्या, शंकरपाळे, केकचे दोन तुकडे, वर हाताने केलेले कार्ड. पहिले छापील नाताळ कार्ड 1843 मध्ये लंडनमध्ये हेन्री कोल यांनी चित्रकाराकडून काढून घेतले, पण मित्राच्या नावाने वेगळे रेखाटलेले कार्ड छापील कार्डापेक्षा जास्त जपले जाते. वहीच्या पुठ्ठ्यावर वाळवलेल्या केळीच्या सोपटाच्या पट्ट्या चिकटवल्या तर तपकिरी छटांचा सुंदर गोठा तयार होतो, रंगाचा थेंबही लागत नाही.

शाळा-कॉलेजात चिठ्ठ्या टाकून गुप्त मित्र ठरवतात आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला काही द्यायचे असते. इथे भेट हातची असावी अशी अट घातली तर ऐपतीचा प्रश्न उरत नाही, आणि वर्गातल्या सगळ्यांत गरीब मुलालाही मान वर करून देता येते. नंदुरबारच्या मिरचीचा ठेचा भरलेली छोटी बरणी, तोंडाला खणाचा तुकडा बांधलेला, जुन्या साड्यांच्या तुकड्यांची, धावदोऱ्याने शिवलेली हातभर गोधडी, जी डिसेंबरातल्या कडाक्याच्या थंडीत कॉटवर बसणाऱ्या आजीच्या गुडघ्यांवर जाते, मण्यांची किल्लीसाखळी, सरकीसकट कापूस भरलेला सुया खोचायचा गड्डा. याच सुमारास, दत्तजयंतीला, तापीकाठी सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. घोडे सजवायचे गोंडे, मणी आणि घुंगरू तिथे मिळतात, आणि तेच चांदणीच्या शेपटीला छान दिसतात.

पारंपरिक रीतीने 6 जानेवारीनंतर सजावट उतरवतात. चांदणीचा कागद फाडून सांगाडा माळ्यावर जातो. त्याच्यावर पुढच्या दिवाळीचा कागद चढतो. मूर्ती जुन्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवतात. पऱ्हाटी मात्र घरात किंवा गोठ्यात साठवू नये. अर्धवट उमललेल्या, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते आणि पुढच्या हंगामात शेजारच्या शेतात उतरते. म्हणून सजावटीसाठी फांद्या निवडतानाच न उमललेली बोंडे तोडून टाकावीत, आणि सण झाला की झाड चुलीत घालावे.