वॉटरफॉल क्रीक हाइक (कांगारू बेट, दक्षिण ऑस्ट्रेलिया)

वॉटरफॉल क्रीक हाइक ही कांगारू बेटाच्या उत्तर किनाऱ्याकडच्या वेस्टर्न रिव्हर विल्डरनेस प्रोटेक्शन एरियामधली पायवाट आहे, मध्यम अवघड, अर्ध्या दिवसात आरामात होणारी, आणि शेवटी धबधबा. पण धबधबा बारमाही नाही. तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे साधारण जून ते सप्टेंबर, पाऊस झाला की वाहतो आणि उन्हाळ्यात नुसता कातळ उरतो. ऑस्ट्रेलियात जंगलातल्या अशा भटकंतीला बुशवॉक म्हणतात, आपण ट्रेक म्हणतो त्यातलाच प्रकार. मध्यम म्हणजे दोर-बीर लागत नाही, पण वाट खडबडीत असते, चढ-उतार असतात, आणि चालायची थोडी सवय हवी.

कांगारू बेट ऑस्ट्रेलियाचं तिसऱ्या नंबरचं मोठं बेट, टास्मानिया आणि मेलव्हिलच्या खालोखाल, सुमारे ४४०० चौरस किलोमीटर. मुख्य भूमीवरच्या केप जर्व्हिसहून फेरीबोटीने पाऊण तासात पेनेशॉला पोचता येतं, पण उत्तर-पश्चिमेचं हे जंगल तिथून बरंच लांब आहे आणि रस्त्याचा बराच भाग खडीचा. इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स १८०२ मध्ये इथे उतरला, त्याच्या खलाशांना खूप दिवसांनी ताजं मांस मिळालं ते कांगारूंचं, म्हणून त्याने बेटाला हे नाव दिलं. तेव्हा बेटावर माणसं नव्हती, पण फार पूर्वी राहून गेलेल्यांची दगडी हत्यारं नंतर सापडली. समोरच्या किनाऱ्यावरचे आदिवासी या बेटाला कार्टा म्हणतात, मेलेल्यांचं बेट.

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने १९९२ मध्ये रानं राखण्यासाठी वेगळा कायदा केला आणि १९९३ मध्ये बेटावरच्या पाच जागांना विल्डरनेसचा दर्जा दिला, वेस्टर्न रिव्हर त्यातली एक. साध्या राष्ट्रीय उद्यानापेक्षा हा दर्जा कडक, रस्ते-इमारती जवळपास नाहीतच. म्हणून धबधब्यापाशी कठडे, टपरी, पार्किंगची रांग असलं काही मनात धरून जाऊ नये. माझ्या मते या वाटेचं अर्धं मोल त्यातच आहे.

धबधबा हंगामी का, हे समजायला कोकणातला सडा आठवावा. बेटाच्या मध्यावर आणि पश्चिमेला एक पसरट पठार आहे आणि त्याच्या माथ्यावर लोहयुक्त लॅटराइट, म्हणजे आपला जांभाच. वर मातीचा थर पातळ, त्यामुळे पाणी फार मुरून राहत नाही. उत्तरेला हे पठार समुद्राकडे एकदम तुटतं, तिथे ओढ्यांनी खोल घळी कोरल्यात, खालचा खडक कोट्यवधी वर्षं जुना, कँब्रियन काळातला. ओढे आखूड आहेत, त्यांना पाणी पुरवणारा प्रदेश छोटा, मग पाऊस थांबला की थोड्या दिवसांत धार बारीक होते. पाऊस मान्सूनचा नाही, दक्षिण महासागरावरून येणाऱ्या थंड वाऱ्यांचा आहे, पण महिने मात्र आपल्याशी जुळतात. प्रमाणात खूप फरक आहे, महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि इथे बेटाच्या ओल्या पश्चिम भागातही १००० च्या आतच, त्यामुळे आंबोलीसारखा धो-धो कोसळणारा प्रकार शोधू नये, दोन-तीन दिवस सलग पाऊस झाल्यावर लगेच जावं, तेव्हा तो खरा दिसतो.

वाटेवरचं मुख्य झाड म्हणजे शुगर गम, निलगिरीची एक जात, खोड गुळगुळीत आणि सालीखाली पिवळट-केशरी डाग. त्याखाली याक्का, म्हणजे गवताचा झुबका डोक्यावर घेतलेलं काळं खोड, इतकं सावकाश वाढतं की कमरेएवढं झाड आपल्या आजोबांपेक्षा वयाने मोठं असू शकतं. उत्तर किनाऱ्याच्या उतारांवर शीओक असतं, हे कोकणच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्याच कुळातलं, त्यामुळे वाऱ्यात त्याचा आवाज ऐकला की दापोली-मुरुडकडच्या माणसाला ओळखीचं वाटणारच. याच शीओकच्या फळांवर ग्लॉसी ब्लॅक कॉकाटू जगतो, काळा पोपट, शेपटीत लाल पट्टा, आणि त्याची ही उपजात आता फक्त या बेटावर उरलीय. नव्वदच्या दशकात जेमतेम दीडशे होते. पॉसम, म्हणजे झाडांवर वावरणारे पिशवीवाले प्राणी, झाडावर चढून अंडी-पिल्लं खातात हे कळल्यावर लोकांनी घरट्यांच्या झाडांना पत्र्याचे पट्टे गुंडाळले, एवढ्या साध्या उपायाने संख्या दुपटीच्या वर गेली.

मग आग आली. २० डिसेंबर २०१९ ला विजा पडून बेटाच्या उत्तर भागात वणवे पेटले, नंतर आणखी लागले, आणि जानेवारी संपेपर्यंत २ लाख हेक्टरच्या वर, म्हणजे जवळपास अर्धं बेट जळालं, दोन माणसं गेली. वेस्टर्न रिव्हरचाही बराच भाग त्यात होता. शुगर गम जळक्या खोडातूनच पालवतं, याक्काला आगीनंतर उंच तुरे येतात, पण लहान प्राण्यांचं तसं नाही. बेटावर कोल्हे आणि ससे नाहीत हे नशीब, मात्र रानटी झालेली मांजरं आहेत, आणि जळून उघड्या पडलेल्या जमिनीवर त्यांना शिकार आयती मिळते. कांगारू आयलंड डनार्ट हा उंदराएवढा पिशवीवाला प्राणी जगात फक्त या बेटाच्या पश्चिमेला आहे, तो संपला अशीच भीती होती, पण न जळलेल्या तुकड्यांत कॅमेऱ्यात दिसला, आणि तिथे शेजारच्या खाजगी जमिनीवर घाईने मांजरांना अडवणारं कुंपण घातलं गेलं, पुढे ते ३६९ हेक्टरपर्यंत वाढवलं.

चालायला जाणाऱ्याने पाणी स्वतःचं न्यावं, ओढ्याच्या भरवशावर राहू नये. मोबाइलची रेंज बेटाच्या या बाजूला बहुतेक नसते, म्हणून कुठे चाललोय आणि कधी परतणार हे कोणाला तरी सांगून निघावं. ओला कातळ निसरडा असतो. ऊन पडलं की टायगर स्नेक हा साप वाटेवर येऊन पसरतो, विषारी आहे पण अंगावर धावून येणारा नाही, थांबायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. उन्हाळ्यात आगीचा धोका फार वाढला की ही जंगलं बंद ठेवतात, तेव्हा निघायच्या आधी पार्कच्या ऑफिसकडून वाट उघडी आहे का विचारून घ्यावं.

आणि बूट. मातीतून पसरणारा फायटोप्थोरा नावाचा रोग झाडांची मुळं कुजवतो, याक्का तर त्याने पटकन मरतं, आणि एकदा जमिनीत शिरला की काढता येत नाही. तो एका रानातून दुसऱ्या रानात जातो बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या चिखलातून, म्हणून बेटावर ठिकठिकाणी ब्रश आणि जंतुनाशक ठेवलेलं असतं. खाचांमधला चिखल पूर्ण निघेपर्यंत घासायचं, मग फवारा मारायचा, आणि परत आल्यावर गाडीत बसण्याआधी हेच पुन्हा.