बस्तरचा डोकरा आणि मीरा मुखर्जींचं ब्राँझ

मीरा मुखर्जींच्या शिल्पाचा फोटो दाखवला की समोरचा हमखास म्हणतो, "हे डोकरा ना?" अंगभर दोऱ्यासारख्या रेघा, बोटांनी वळल्याच्या खुणा. चूक व्हायला वाव आहे खरा.

आधी डोकरा. हे मुळात भटक्या ओतारी समाजाचं नाव. मेणाच्या मदतीने धातू ओतायच्या त्यांच्या कामाला ते मागाहून चिकटलं. बस्तरमध्ये हे काम करणाऱ्यांना घडवा म्हणतात, आणि हा शब्द मराठी कानाला समजावून सांगावा लागत नाही. कोंडागावचा घडवा आधी मातीचा गाभा करतो. तो वाळला की आपण सोऱ्यातून शेव पाडतो तसे पिचकीतून मेणाचे दोरे काढायचे आणि गाभ्यावर एकाला एक लगटून गुंडाळायचे. वरून मऊ मातीचा हात, मग जाड मातीचा लेप. भट्टीत मेण वितळून जातं, त्याच्या जागी पितळ शिरतं. साचा फोडला की दोरा न् दोरा धातूत उतरलेला. साचा गेला तो गेलाच, म्हणून हुबेहूब दुसरी वस्तू निघत नाही. संस्कृतात मेणाला मधूच्छिष्ट म्हणतात, म्हणजे मधाचं उष्टं. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त मेणाच्या ओतकामाची रीत दिलेली आहे.

घरी डोकऱ्याचा हत्ती असेल तर उलटा करून बघा. पोटात बऱ्याचदा भाजलेली काळी माती दिसते, तोच तो गाभा. दुकानदार ब्राँझ म्हणाला तरी हत्ती बहुधा पितळेचा असतो. पितळेत तांब्याबरोबर जस्त, ब्राँझमध्ये कथील.

मीरा मुखर्जी (१९२३–१९९८) कोलकात्याच्या. १९५३ साली त्या म्युनिकच्या कला अकादमीत गेल्या. तिथलं शिक्षण घेऊन परतल्यावर मात्र त्या बस्तरच्या घडव्यांकडे शिकायला बसल्या. पुढे भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणासाठी देशभर फिरून त्यांनी धातुकारागिरांच्या रीती नोंदवल्या.

त्यांनी घडव्यांकडून नक्षी उचलली नाही, मेण हाताळायची सवय उचलली असं मला वाटतं. घडव्याचा दोरा हत्तीच्या झुलीवर किंवा देवीच्या दागिन्यांत नीट ओळीत बसतो. मुखर्जींच्या मेणाच्या पट्ट्या आणि वळ्या शिल्पाच्या अंगावरून धावतात. नावाडी, विणकर, बाउल (बंगालचे भटके गायक) यांच्या हालचालीला ओढ देतात. दुसरा फरक आकाराचा. डोकऱ्याची वस्तू सहसा हातात मावते, एका दमात ओतली जाते. दिल्लीच्या आयटीसी मौर्य हॉटेलातला त्यांचा कलिंगचा अशोक माणसापेक्षा कितीतरी उंच आहे. तो तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडावा लागला, आणि तुकडे जुळवायचं हे गणित हातभर हत्ती ओतताना कधी मांडावं लागत नाही. घडवा देवासाठी, गावासाठी, आता बाजारासाठीही घडवतो. मुखर्जींनी देव बाजूला ठेवले नाहीत, पण राबणाऱ्या माणसाला देवांएवढीच जागा दिली.

एवढा फरक सांगून झाल्यावर एक गोष्ट मला स्वतःलाच अडवते. १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्याआधी १९६८ मध्ये राष्ट्रपतींचा जो पुरस्कार मिळाला, तो धातुकामातल्या निष्णात कारागीर म्हणून.