ओदल म्हणजे उलटा अलोद नव्हे

मध्ययुगीन युरोपातल्या जमिनींचा विषय निघाला की 'अलोद' आणि 'ओदल' हे जर्मानिक भाषांतले दोन शब्द हमखास एकमेकांच्या जागी बसवले जातात. दोन्ही म्हणजे 'वडिलोपार्जित जमीन', विषय संपला. वाचून वाचून वैताग आलाय.

वारशासाठी जर्मनमधला रोजचा शब्द 'एर्बे'. त्याचं मूळ आपल्या 'अर्भका'शी जोडतात. अनाथ या अर्थाचा ग्रीक 'ऑर्फानोस'ही त्याच कुळातला. बाप गेला, पोर मागे राहिलं, पोराच्या वाट्याला आलं ते एर्बे. इथे कोणी चुकत नाही.

चुकतात ते पुढे, आणि थोरामोठ्यांचं बोट धरून चुकतात. इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोनने इंग्लिश कायद्यावरच्या आपल्या ग्रंथाच्या १७६६ च्या दुसऱ्या खंडातल्या एका तळटीपेत, नॉर्वेचा इतिहास लिहिणाऱ्या पोंतोप्पिदानचा हवाला देऊन 'ओदल' असा फोडला: 'ओध' म्हणजे मालमत्ता, 'ऑल' म्हणजे सगळी. ओध-ऑल उलटा केला की झाला ऑल-ओध! दिसायला झकास, पण खोटं.

'अलोद'मध्ये 'अल' म्हणजे सगळं आणि 'ओद' म्हणजे धन, हे खरंच. पण हा 'ओ' मूळचा 'औ' आहे. 'ओदल'मधला 'ओ' मात्र आधीपासूनच दीर्घ 'ओ', आणि शेवटच्या 'अल'चा 'सगळं'शी काडीचा संबंध नाही. 'ओदल'चं नातं जर्मन 'आडेल'शी, म्हणजे कुलीनतेशी. जुन्या इंग्लिशमध्ये दोन्ही शब्द लख्ख वेगळे दिसतात: धनाला 'एआद', पिढीजात भूमीला 'एथेल'. नावांतही तेच. एडवर्ड आणि ओट्टो धनवाले. उलरिख, जुना 'उओदालरिख', वतनवाला. ओट्टो आणि उलरिख सख्खे भाऊ असल्यासारखे वाटतात, तिथेच फसायला होतं.

अर्थाचं म्हणाल तर सहाव्या शतकातल्या, फ्रँक टोळ्यांच्या सालिक कायद्यात 'अलोद'चं प्रकरण आहे ते वारसाहक्काचं. पुढे सरंजामी पट्टे पसरले आणि ज्या जमिनीच्या मालकावर कुठलाच सरंजामदार नाही तिला अलोद म्हणू लागले. म्हणजे शब्दाचा रोख वरच्याकडे.

ओदलचा रोख भावकीकडे. नॉर्वेत आजही 'ओडेल' हक्क आहे. एखाद्याने शेत परक्याला विकलं, तर हक्कदार नातलग ठरल्या मुदतीत किंमत मोजून ते सोडवून घेऊ शकतो. १८१४ च्या राज्यघटनेने हा हक्क रद्द करायला मनाई केली. १९७४ च्या कायद्याप्रमाणे मालकाने सलग वीस वर्षं जमीन राखली की तो हक्क लागू होतो. या सगळ्यात सरंजामदार कुठे आला? आडवा येतो तो चुलतभाऊ, हातात पैशांची थैली घेऊन.