आंधी आयक, मंग ठोक

पेटी, म्हणजे हार्मोनियम, येण्याआधी गावच्या भजनात सूर ठरवायचा तो गाणाऱ्याच्या गळ्यानं. त्याला सोसेल तिथवर एकतारीची खुंटी पिळायची, बस्स. डफड्याला तर सूर नव्हे, ताव लागतो. पऱ्हाट्यांचा जाळ करून कातडं शेकायचं नि टिचकी मारायची. भदभद जाऊन टणक आवाज आला की वाजवायला घ्यायचं. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) गावोगाव नेलेल्या खंजिरीचं कातडंही असंच हवेवर चालणारं.

तबल्याचं गणित वेगळं. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे बारीक सूर, एकमेकांशी जुळत नाहीत. मधल्या शाईच्या, म्हणजे काळ्या गोल थराच्या, वजनानं ते मेळात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये मांडलं. म्हणून तबला 'सा' धरतो, आणि उतरला की कानाला खुपतोही.

पेटी मूळची पॅरिसची. देबँ यांनी १८४२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, पुढे कलकत्त्यात तिला हाताचा भाता लागला आणि ती मांडी घालून बसणाऱ्यांची झाली. तिचा सूर बदलायचा तर आतल्या पितळी पट्ट्या घासाव्या लागतात, भजनाला बसल्यावर ते कोण करणार? त्यामुळे ती म्हणेल तो सूर. गळाही 'काळी एक', 'काळी दोन' अशा तिच्या काळ्या पट्ट्यांच्या भाषेत बोलू लागला. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, स्वर बांधलेले, अशा तक्रारींवरून ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती तीसेक वर्षं टिकली. गावातल्या देवळात त्याचा कुणाला पत्ता नव्हता! तक्रार मात्र खोटी नव्हती. सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या पेटीचा गंधार, म्हणजे 'ग', तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढाच असतो.

म्हणूनच मला तबला लावायला, म्हणजे सुरात आणायला, शिकवणारे काका पेटी बंद करायला लावत. आधी 'सा' गुणगुणायचा, मग हातोडी. गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या वेणीवर, वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. फारच फरक असेल तर वाद्यांखालचे लाकडी गट्टे सरकवायचे. मी घाईनं एकाच जागी ठोकत सुटलो की ते हात धरत, "आंधी आयक, मंग ठोक. चारी बाजूनं एकच बोलला पायजे."

आता मोबाईलवर सूर दाखवणारा काटा दिसतो, पोरं तो बघून लावतात. पण श्रावणात दुसरं भजन संपेस्तोवर पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, पुन्हा उतरते, नि गाणं थांबवून काटा कोण बघणार? तबलजी टाळांच्या गलक्यातच मान तिरपी करतो आणि मांडीखालची हातोडी काढतो.