सर्वांत अवघड घास पाण्याचा

अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस शुद्धीवर येतो. ओठ कोरडे पडलेले असतात, म्हणून जवळचं कुणीतरी झोपल्या जागीच त्याच्या तोंडात चमच्याने पाणी सोडतं. मायेपोटी केलेली ही गोष्ट त्याच्या जिवावर बेतू शकते. झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना नीट गिळता येत नाही, आणि अशा माणसाला सगळ्यात अवघड जातं ते पाणीच. भाकरी अवघड आणि पाणी सोपं, हा आपला हिशेब इथे उलटा होतो.

घशात हवेची आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदतात. कंठावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहा. आतलं स्वरयंत्र टुणकन वर जाऊन खाली येतं. तेवढ्या सेकंदाभरात मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट अडवतो, श्वास थांबतो, स्वरतंतू मिटतात, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकून त्याच्यावर झाकण पडतं, आणि एरवी आवळलेलं अन्ननलिकेचं तोंड उघडतं. या कामात सुमारे ३० स्नायूंच्या जोड्या आणि मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या ५ जोड्या गुंतलेल्या असतात. झटक्याने हा ताळमेळ बिघडला की झाकण पडायला अर्धा-पाऊण सेकंद उशीर होतो. मऊ भाताचा गोळा तेवढा वेळ जिभेवर दम धरतो. पाणी धरत नाही. ते उघड्या स्वरयंत्रावरून थेट श्वासनलिकेत उतरतं.

उतरलं की ठसका लागतो, अशी आपली समजूत असते. पण घशाची संवेदनाच बधिर झाली असेल तर ठसका लागतच नाही. म्हणून ‘बाबा आता खोकत नाहीत, म्हणजे बरं आहे’ यावर विसंबू नका. घोट घेतल्यावर आवाज ओला, घुरघुरल्यासारखा येतो का, जेवताना धाप लागते का, गालात अन्न साठून राहतं का, एका जेवणाला पाऊण तास लागतो का, वरचेवर ताप येतो का, हे पाहा. फुप्फुसात गेलेल्या अन्नपाण्याने न्यूमोनिया होतो आणि झटक्यानंतरच्या मृत्यूंचं ते एक मोठं कारण आहे.

खात्रीची तपासणी दोन प्रकारे होते. एकात बेरियम हा क्ष-किरणांत दिसणारा पदार्थ मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांनी चित्रीकरण करतात, दुसरीत नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. काही ठिकाणी आधी ९० मिलिलिटर पाणी न थांबता प्यायला लावून चाचणी घेतात. ती घरी करून पाहू नये.

उपचाराचा मोठा भाग म्हणजे घोटाचा वेग कमी करणं. पाणी, चहा, ताक, डाळीचं पाणी यांत औषधांच्या दुकानात मिळणारी घट्ट करणारी पावडर मिसळतात. किती घट्ट करायचं हे स्पीच थेरपिस्ट (बोलण्याबरोबर गिळण्यावरही उपचार करणारे तज्ज्ञ) ठरवतात आणि ते मोजता येतं. नळीवर ० ते १० मिलिलिटरच्या खुणांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर असलेली, सुई आणि दट्ट्या काढलेली सिरिंज घ्या. टोकावर बोट धरून १० मिलिलिटर भरा, बोट काढा, १० सेकंदांनी पुन्हा लावा. १ मिलिलिटरपेक्षा कमी उरलं तर ते पाण्यासारखंच पातळ. १ ते ४ उरलं तर किंचित घट्ट, ४ ते ८ उरलं तर थोडं घट्ट, ८ ते १० उरलं तर मध्यम घट्ट. पावडर मिसळून पाकिटावर दिलेला वेळ थांबा, मगच मोजा, कारण काही पावडरी हळूहळू फुगतात.

आपल्या घरांत यावर उपाय म्हणून तांदळाची पेज करतात. भांड्यात ती छान दाट दिसते, पण लाळेतलं अमायलेज हे पाचकद्रव्य पिष्टमय पदार्थ फोडतं आणि उष्ट्या चमच्यामुळे वाटीतलीही पेज पातळ होत जाते. झँथन गम या डिंकासारख्या पदार्थाच्या घट्ट करणाऱ्या पावडरीचं असं होत नाही. पेजेत शितं असतील तर धोका वाढतो, कारण शितं चावेपर्यंत पाणी पुढे निघून गेलेलं असतं. चहात बुडवलेलं बिस्किट, पातळ आमटीत कुस्करलेली चपाती, दुधातले पोहे यांचंही तेच. त्यापेक्षा घोटलेला वरणभात एकजीव असतो. मात्र फार घट्ट केलेलं घशात चिकटून राहतं, शिवाय असं पाणी नकोसं वाटून माणूस कमी पितो. लघवी गडद होते का, याकडे लक्ष हवं.

तांब्या उंच धरून वरून पाणी ओतून घ्यायची आपली सवय या काळात सोडावीच लागते. मान मागे गेली की श्वासाची वाट सताड उघडते आणि पाणी आपोआप मागे ओघळतं. रुग्णाला ताठ बसवा, चहाच्या चमच्याएवढा घोट द्या, तोंड रिकामं झाल्यावरच पुढचा. जेवणानंतर अर्धा तास बसलेलंच ठेवा. हनुवटी छातीकडे झुकवून किंवा मान लुळ्या बाजूकडे वळवून गिळल्याने काहींना फायदा होतो, सर्वांना नाही. तपासणीत पाहूनच ते ठरवावं.

तोंड दिवसातून दोन-तीनदा घासणं, कवळी रात्री काढून धुणं याकडे फार दुर्लक्ष होतं. लाळ चुकून फुप्फुसात गेलीच तर तिच्याबरोबर किती जंतू जातात यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं. गोळ्या कुटून देण्याआधी डॉक्टरांना विचारा. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

घास घशात नव्हे, छातीत अडकत असेल तर प्रश्न वेगळा आहे. आधी भाकरी, मग भात, मग पेज अशी अडचण वाढत गेली तर अन्ननलिका अरुंद होत असते. कर्करोगाची शक्यता असल्याने एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने अन्ननलिकेची तपासणी, लांबवू नये.

तोंडाने पुरेसं जात नसेल तर नाकातून नळी घालतात. तिच्यातून भरवतानाही डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी. पुष्कळांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं, पण नळीवर घरी आलेल्या माणसाची तपासणी पुन्हा कुणी करतच नाही आणि नळी विनाकारण तशीच राहते. घरी सोडतानाच पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून घ्या.